चेत्तिनाची चाळीस माणसं

१

मला वाटलं होतं, जुगाराच्या कंपनीत पाऊल टाकलं की दुष्टपणा समोरच दिसेल. दूर ड्युनेडिनच्या विद्यापीठात सात वर्षं मी त्याच्याबद्दल वाचत होते, लिहीत होते, लोकांशी भांडत होते. डोळ्यांपुढे काचेच्या थंड खोल्या होत्या, आणि कुठल्यातरी कपाटात असा एक कागद, जो बाहेर काढला की सगळा डोलारा कोसळेल. मायदेशी परतून स्लिमा शहरातल्या त्या चौथ्या मजल्यावर मला मिळालं ते वाढदिवसांचं कॅलेंडर. कुणाच्या मांजराचं नाव काय, कुणाच्या बायकोचं ऑपरेशन कधी, कुणाला बदाम चालत नाहीत, हे सगळं त्यावर नीट लिहिलेलं होतं. विभागप्रमुख विस्तिन घरून आणलेला टोमॅटो चोळलेला पाव टेबलाटेबलावर वाटत फिरत होता.

"घे गं क्लारिसा. सात वर्षं मेंढ्यांच्या पंगतीला बसलीस, आता माणसाचं अन्न खा."

मला एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायचं होतं. वेबसाइटवर जो जितकं खेळेल तितके त्याला पॉइंट मिळत. पॉइंट साठले की तो वरच्या पायरीवर जाई, वरच्या पायरीवर भेटवस्तू मिळत आणि फोनवर विचारपूस करायला एक माणूस मिळे. हे सगळं कंपनीला परवडतं का? परवडत नाही, असं माझं आधीच ठरलेलं होतं. म्हणून तर मी ती नोकरी धरली होती. पाप आहे म्हणून ही माणसं काही बंद करणार नाहीत, पण तोट्याचं आहे म्हटल्यावर एका दिवसात करतील. मी ते आकड्यांनी सिद्ध करणार होते.

नोकरी मिळाली ती मात्र आईमुळे. माझी आई चेत्तिना याच मजल्यावर चौदा वर्षं त्या विचारपुशीच्या कामावर होती. तिच्याकडे चाळीस खेळाडू सोपवलेले होते. ती त्यांना 'माझी माणसं' म्हणायची. त्याच पगारावर मी शिकले, आणि शिकून पहिली गोष्ट केली ती ही, की सुट्टीत घरी आले तेव्हा स्वयंपाकघरात उभी राहून तिला म्हणाले, "तू एकट्या माणसांना त्यांचाच एकटेपणा विकतेस."

ती कांदा चिरत होती. म्हणाली, "मी कधी कुणाला खेळा म्हटलेलं नाही, क्लारा. मी फक्त विचारते, कसे आहात."

त्यानंतर आमचे फोन सणावारापुरते उरले. फेब्रुवारीत तिला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. प्रबंध पुरा करायला मला चार महिने हवे होते, ते मी घेतले. जूनमध्ये गुद्या या आमच्या गावातल्या घरी पोचले तेव्हा ती खिडकीशी, पक्ष्याच्या पिंजऱ्याजवळ बसली होती. उजवा गाल खाली ओघळलेला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं.

तेव्हापासून दोन महिने आम्ही एका घरात होतो. तिच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. खरं सांगायचं तर माझ्याही तोंडून फारसे निघत नव्हते. तिला काही कळत नाही असं मी धरून चालले होते. ते सोयीचं होतं.

२

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात माझे आकडे जुळले. पॉइंट परवडत नव्हते. वर चढणारे खेळाडू पॉइंटांशिवायही तितकेच खेळले असते, आणि बाकीच्यांचा फायदा भेटवस्तूंनी गिळला होता. तासभर मी अगदी खुशीत होते.

मग मी कोरा गट उघडला. औषधाची परीक्षा घेताना काही रोग्यांना साखरेची गोळी देतात, तसा तुलनेसाठी ठेवलेला हा गट. त्यात चाळीस माणसं होती. फेब्रुवारीपासून त्यांना पॉइंट नाहीत, भेट नाही, फोन नाही. अशी माणसं हळूहळू गळत जातात. या चाळिसांतलं एकही गळलं नव्हतं. सगळ्या वेबसाइटवर सगळ्यांत जास्त तेच खेळत होते, आणि दर आठवड्याला थोडं अधिक.

"विस्तिन, हा कोरा गट कुणी निवडला?"

"मीच."

"कसा? चिठ्ठ्या टाकून?"

"चिठ्ठ्या कसल्या टाकतेस? चर्चची सोडत आहे का ही? तुझी आई पडली आजारी. तिची चाळीस माणसं उघड्यावर पडली. म्हटलं, यांना नाहीतरी आता कुणी विचारणार नाही, हाच आपला कोरा गट. तेवढीच मेहनत वाचली."

मी कपाळाला हात लावला. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ही चूक करणार नाही. गट सरमिसळ हवा, आणि यांनी एकाच बाईची माणसं उचलून ठेवली होती.

"तुझी सगळी तुलनाच फुकट गेली," मी म्हणाले.

"अगं, तुझा काका बोट स्वतः बांधायचा. ती पण गळायची. तरी मासे आणायचा की नाही? गुरुवारी वरच्यांना उत्तर द्यायचंय. परवडतं की नाही, एवढंच सांग."

चूक कुठवर मुरली आहे ते पाहावं म्हणून मी त्या चाळिसांचे ईमेल वाचायला घेतले. कुणीतरी त्यांना गुपचूप काही देत असेल, असा माझा कयास होता. ग्रिम्सबीहून नॉरिस पिकरिंग नावाच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने मागच्याच आठवड्यात लिहिलं होतं, 'टीनाला माझे आभार सांगा. कंबर आता बरी आहे म्हणावं. तिच्या फोनमुळे दिवस उगवल्यासारखा वाटतो.'

टीना म्हणजे माझी आई. चेत्तिना हे नाव तिकडच्या इंग्रजांना जमत नाही.

म्हातारी माणसं नावांत घोळ करतात, असं मी स्वतःला सांगितलं. आणखी अकरा जणांनी तेच लिहिलं होतं. मी विस्तिनला विचारलं, आईच्या माणसांना आता कोण फोन करतं? त्याने हातातला पाव खाली ठेवला. त्याला न चघळता बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"कुणी करत नाही, क्लारिसा. ते नंबर मी स्वतः यादीतून काढलेत."

३

प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे फोनची रेकॉर्डिंग आपोआप साठतात. कोऱ्या गटापुढची जागा रिकामी असायला हवी होती. नॉरिस पिकरिंगच्या नावापुढे फेब्रुवारीनंतरची शंभरावर रेकॉर्डिंग होती. रविवार सोडून रोज, सकाळी अकरा वाजता. फोन करणाऱ्याचा क्रमांक सतरा.

सतरा हा आईचा क्रमांक. तो बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मी दुसरं नाव उघडलं, तिसरं उघडलं. चाळिसांनाही फोन होते. चाळिसांनाही रोज अकरालाच. एक बाई एका वेळी चाळीस जणांशी कशी बोलेल? घड्याळ बिघडलंय, यंत्र जुनीच रेकॉर्डिंग पुन्हापुन्हा नव्या तारखेने डकवतंय, असं मी वहीत लिहिलं. लिहिल्यावर बरं वाटलं. मग हेडफोन लावले.

"हॅलो? टीना? आलीस का गं पोरी?" नॉरिसचा आवाज घोगरा होता. मग शांतता. मग तो हसला. "छे छे, मी कुठला घसरतोय! धरून धरून चालतो." पुन्हा शांतता, लांब, कुणी काहीतरी सविस्तर सांगत असावं इतकी. "हो ना. अगदी खरं बोललीस."

त्या शांततेत बाईचा आवाज नव्हता. पण ती मेलेली शांतताही नव्हती. मी आवाज वाढवला. पिंजऱ्यात एक पक्षी या दांडीवरून त्या दांडीवर उड्या मारत होता. नळ ठिबकत होता. लांबवर गॅसच्या गाडीचा भोंगा वाजला, दोन आखूड आणि एक लांब. आमच्या गल्लीत गाडी मंगळवारी येते. तारीख पाहिली. मंगळवार होता.

मी मागून पुढे ऐकत आले. तेव्हा दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि ती ऐकल्यावर मला हेडफोन काढून थोडा वेळ खिडकीशी उभं राहावं लागलं. फेब्रुवारीत नॉरिसचा आवाज मऊ होता. पडदे, गालिचा, सोफा असलेल्या खोलीतला. मार्चमध्ये मागची टिकटिक थांबली. एप्रिलमध्ये तो म्हणाला, "पियानो गेला गं. जाऊ दे, वाजवणारी गेली तेव्हाच तो मुका झाला होता." मे महिन्यात, "गालिचा कशाला हवा? पायात मोजे आहेत ना." प्रत्येक आठवड्याला त्याचा आवाज जरा अधिक घुमत होता. जुलैअखेर तो रिकाम्या हौदातून बोलल्यासारखा येत होता. शब्द संपला तरी तो भिंतींवर आपटत राहायचा.

आणि दर वेळी शेवटी तेच. "बरं पोरी, ठेवतो. आता तुझ्या नावाने जरा खेळतो."

तिने त्याला खेळा म्हटलं नव्हतं. माझ्या तक्त्यात मात्र रोज सव्वाअकरानंतर तीन तास तो खेळत होता. बाकीचे एकोणचाळीसही. शेवटी उरली होती ती खुर्ची आणि टेलिफोन, एवढं मला न पाहताही कळत होतं.

४

आईची बहीण पाव्ला दिवसा तिच्यापाशी असायची. सोमवारी संध्याकाळी मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, आई फोनशी काही खटपट करते का गं?"

"कुठल्या फोनशी?"

"भिंतीवरच्या."

"तो तर मी मार्चमध्येच तोडायला लावला. बिल कुणी भरायचं? आणि बोलणार कोण, तो पक्षी?" मग तिचा तिलाच बोल लागला. ती गॅसवरचं सूप ढवळत राहिली. "तू विचारतेस हे बरं आहे. दोन महिने झाले तुला येऊन. एकदा तरी तिच्यापुढे बसून बोललीस का? मी म्हणते, भांडलीस तरी चालेल. माहेरवाशिणीसारखी येतेस, ताट घेतेस, वर जातेस."

"तिला कळत नाही, मावशी."

"हो का? डॉक्टर झालीस तिकडे?"

मी उठून फोनची तार पाहिली. ती भिंतीतून निघून फोनपर्यंत पोचतच नव्हती. मध्येच कापलेली होती, आणि टोकं मावशीने नीट चिकटपट्टीने गुंडाळली होती.

मंगळवारी सकाळी मावशीला उशीर झाला, म्हणून आईची कॉफी मी केली. तिच्या डाव्या हाताशी कप दिला. तिने हळूहळू सगळी प्यायली. कप विसळताना तळाशी बोट लागलं आणि मी ते चाटलं. मीठ. मी साखरेऐवजी मीठ घातलं होतं. ती काही बोलली नाही, अर्थातच. तोंडही वाकडं केलं नाही. मला घाई होती. मी बस पकडली. ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही.

साडेअकराला नॉरिसचं त्या दिवसाचं रेकॉर्डिंग आलं. त्यात जत्रेचे बार उडत होते. सांता मारियाचा सण जवळ आला की आमच्याकडे भर दिवसा आकाशात बार फुटतात. मी भराभर चार-पाच नावं उघडली. प्रत्येक रेकॉर्डिंगात तोच बार, त्याच क्षणी.

"तुमचे ते फटाके पुन्हा सुरू झाले वाटतं," नॉरिस म्हणाला. "उजेडात काय दिसतं गं त्यातलं?" शांतता. पक्षी. मग तो इतका मोठ्याने हसला की रिकामी खोली दणाणली. "मीठ? कॉफीत मीठ? आणि तू सगळी प्यायलीस?"

लांब शांतता.

"नाही, नाही. तू बरोबर केलंस. पोरीला वाईट वाटलं असतं." त्याचा आवाज खाली आला. "अजून बोलत नाही का ती तुझ्याशी?... वेळ दे गं तिला, टीना. लांबून आली आहे. माझा मुलगा बघ, दोन गल्ल्या पलीकडे राहतो."

मी आवाज शेवटपर्यंत वाढवला. त्याच्या दोन वाक्यांच्या मध्ये, पक्ष्याच्या आणि नळाच्या खाली, कुठेतरी तिचा आवाज असणार होता. तो मला कसा होता तेही आठवेना. मी ती शांतता एकोणीस वेळा ऐकली.

५

यंत्राचा घोटाळा ही माझी समजूत मिठाने संपवली होती. मग मी दुसरी काढली. मावशीच काहीतरी करत असेल, आईचा जुना मोबाइल कुठेतरी असेल. बुधवारी साडेनऊला मी विस्तिनला सांगितलं की दात दुखतोय, आणि गुद्याची बस धरली.

दार लोटलं तेव्हा अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. मावशी नव्हती. रोज या वेळी ती चर्चमध्ये चांदी घासायला जाते, आई तेवढ्यात झोपते म्हणून. घरातला बोळ गार होता. बाहेर बार फुटला आणि स्वयंपाकघराच्या दाराची काच किंचित थरथरली.

आई झोपलेली नव्हती. ती भिंतीशी खुर्ची ओढून बसली होती, माझ्याकडे पाठ करून. खुर्ची तिने एका हाताने कशी ओढली असेल कोण जाणे. डाव्या हातात फोन कानाला लावलेला. कापलेली तार तिच्या मांडीवर पडली होती. चिकटपट्टीचं टोक गुडघ्यावरून लोंबत होतं.

तिचे ओठ हलत आहेत का, ते मला दिसत नव्हतं. खोलीत पक्षी होता, नळ होता. बोलणं नव्हतं. कपाटाच्या काचेत तिचा चेहरा दिसेल म्हणून मी बोळात एक पाऊल सरकले.

ओठ मिटलेले होते. तरीही फोनमधून, त्या कुठेच न जोडलेल्या फोनमधून, बारीक आणि लांब, एका म्हाताऱ्याचं हसणं येत होतं. रिकाम्या खोलीत घुमलेलं. त्याच्यामागे आणखी कुणी हसत होतं, आणखी कुणी रडत होतं. पुष्कळ जण.

आणि आई हसत होती. पूर्ण तोंडाने. काचेत तिचे दोन्ही गाल वर उचललेले होते, डावा तसाच उजवा, मी शाळेतून यायची तेव्हा असायचे तसे.

मी काही बोलले असेन. 'आई' म्हटलं असेल. काचेतले डोळे माझ्याकडे वळले. उजवा गाल सावकाश खाली उतरला, कुणी हाताने पडदा सोडावा तसा, आणि हात मांडीवर आला. मी धावत जाऊन फोन कानाला लावला. त्यात काही नव्हतं. साधी, मेलेली शांतता.

मी तिच्यापुढे जमिनीवर बसले. खूप बोलले. दोन महिन्यांचं, सात वर्षांचं. कांदा चिरताना जे बोलले होते त्याची माफी मागितली. तिने माझ्याकडे पाहिलं, डाव्या हाताने माझ्या कपाळावरचा केस मागे सारला, आणि मग तिची नजर पुन्हा फोनकडे गेली. माझ्याजवळ तिच्यासाठी शब्द होते, तिच्याजवळ माझ्यासाठी नव्हते. ते चाळीस ठिकाणी वाटले जात होते, आणि ज्यांना मिळत होते त्यांची घरं रिकामी होत होती.

६

गुरुवारी मी सातलाच ऑफिसला गेले. दहाला वरच्यांना उत्तर द्यायचं होतं. परवडतं का? पॉइंट परवडत नाहीत, हे मी लिहिलं. आईच्या फोननी चाळीस माणसांचं काय झालं ते लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तर त्यांनी त्या फोनच्या मागे माणसं लावली असती.

एखादा खेळाडू खेळून बरबाद होतोय असं कर्मचाऱ्याला वाटलं, तर एक अर्ज भरता येतो. अर्ज गेला की खातं त्याच दिवशी कायमचं बंद होतं, आणि नावापुढचा फोन करणाऱ्याचा क्रमांकही पुसला जातो. वर्षात असे दोन-तीन अर्ज येतात. मी चाळीस भरले. नॉरिसचा सर्वांत शेवटी. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'घरात काही उरलेलं नाही.' बोट कळीवर ठेवून मी बराच वेळ बसले. अकरा वाजता तो खुर्चीत बसून वाट पाहणार होता, आणि तिकडे आईच्या हातात फोन असणार होता. दोघांपैकी कुणाचं मी जास्त वाईट करत होते? मग मी कळ दाबली. त्याच्या मुलाचा पत्ता खात्यात होता, खरंच दोन गल्ल्या पलीकडचा. त्याला दोन ओळींचं पत्र लिहिलं.

विस्तिन पाव घेऊन आला. पडद्याकडे पाहून उभाच राहिला.

"क्लारिसा, काय केलंस हे? सगळीच्या सगळी चेत्तिनाची माणसं?"

"सगळी."

"तिला कळलं तर जीव जाईल तिचा."

"म्हणूनच एक ठेवायचंय," मी म्हणाले.

त्याला ते समजलं नाही, आणि पाव ठेवून तो गेला. कर्मचाऱ्याने खातं उघडलं तर नोकरी जाते, हा नियम मला पाठ होता. मी वेबसाइट उघडली आणि खेळाडू म्हणून माझं नाव, गुद्याचा पत्ता, फोन नंबर भरला. मग माझ्या तक्त्यात जाऊन ते नाव रिकाम्या झालेल्या कोऱ्या गटात टाकलं. पॉइंट नाहीत, भेट नाही, फोन नाही. नावापुढे आईचा क्रमांक, सतरा.

फोन ठेवल्यावर मी काय करीन, हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणण्यात अर्थ नाही. सव्वाअकरानंतर त्या चाळिसांतल्या प्रत्येकाने काय केलं त्याचे आकडे मीच मांडले होते. त्यात एकही अपवाद नव्हता. तरी मी खातं सुरू केलं.